उजवीकडचं स्टिअरिंग

शमाल सुरू झाला की मला एका जागी बसवत नाही. उत्तरेचा हा वारा अंगाला बरा वाटतो असं कुणी म्हणालं, तर त्याला मी सौदीतल्या या रास तनुराच्या रस्त्यावर भर दुपारी उभं करीन, तोंड उघडं ठेवून. दातांखाली कचकच. चहावर साय धरावी तशी धूळ. खिडक्यांच्या फटीत कोंबलेले ओले टॉवेल तासाभरात तपकिरी होतात. समुद्र दोन गल्ल्यांपलीकडे आहे, पण असून नसल्यासारखा. परवा सकाळी वारा सुटला आणि त्याच सकाळी फोनवर संदेश वाजला: आपल्या वाहनाच्या तपासणीची मुदत संपत आली आहे. गाडीचे कागद ज्या मोसमात पहिल्यांदा झाले त्याच मोसमात दरसाल तपासणी येणार, यात नवल काही नाही. तरी मला वाटतं, ती नोटीस वाराच घेऊन येतो.

ही गाडी कुठल्याही कारखान्यात झालेली नाही. माझ्या बाबांनी ती आमच्या भाड्याच्या घरामागच्या हौशात, म्हणजे उंच भिंतींच्या अंगणात, बांधली. खालची चौकट आणि इंजीन जुन्या जपानी पिकअपचं, वरचं अंग फायबरचं. ठेंगणी, गोल डोळ्यांची, दोनच माणसं बसतील अशी. रंग खाडीतल्या शेवाळाचा.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर ओळखीचे लोक सांगतीलच. मी गाड्यांच्या विरोधातली मुलगी. पुण्यात शिकत होते तेव्हा आमचा एक गट होता, फुटपाथांसाठी आणि बससाठी भांडायचा. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. ‘रस्ता कुणाच्या बापाचा?’ हे माझ्या पहिल्या पत्रकाचं शीर्षक. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या काचांवर टकटक करून मी ते लोकांच्या हातात कोंबत असे. लोक काच वर करायचे, मी काचेला लावून वाचून दाखवायचे. आणि त्याच वेळी इकडे माझा बाप गाडी बांधत होता.

गाडी मुळात एका इंग्रज इंजिनियरची. बाबा रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे फिटर होते. त्या साहेबाला सुट्या भागांच्या पेट्या मागवून घरी गाडी जोडायची हौस. पेट्या आल्या, अर्ध्या उघडल्या, आणि साहेबाची बदली झाली. जाताना म्हणाला, “मजीद, तुला हवं असेल तर घेऊन जा, नाहीतर फेकतील.” फेकतील हा शब्द बाबांना सहन होत नाही. हमीदचाचांची पिकअप मागून त्यांनी सगळं घरी आणलं. हमीदचाचा म्हणजे आमच्या शेजारच्या गावचे, बाबांच्याच विमानाने आलेले, तेव्हापासून इथे ड्रायव्हर. त्यांनी पेट्या उतरवल्या आणि तोंड सोडलं.

“मजीद, दरवाजे कुठायत हिचे?”

“नाय आले. करू आपण.”

“आणि पाठचा भाग?”

“तो पण करू.”

“मग आलंय काय? वास?”

आखातात येण्याआधी बाबा रत्नागिरीजवळच्या खाडीवर फायबरच्या होड्या करायचे. त्यामुळे नसलेले भाग त्यांनी होडीसारखेच केले: साचा, त्यावर काचेच्या धाग्याचं कापड, त्यावर रेझिन, पुन्हा कापड. मी पुण्याहून सुट्टीत यायचे तेव्हा घराला तोच वास असे. गोड, डोक्यात चढणारा, दुखऱ्या दातासारखा. मां म्हणायची, “बिर्याणीला पण लागलाय.” धागे अंगात शिरले की खाज सुटते, आणि धुताना गरम पाणी वापरलं की जास्तच शिरतात. गाडीचा मागचा भाग तयार झाला तेव्हा हमीदचाचांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. “हिला चाकं कशाला लावतोस मजीद? नांगर लाव.” खोटं नव्हतं. अजूनही मागून ती होडीच दिसते. आणि उन्हात नीट पाहिलं तर फायबरच्या पोटात बारीक तपकिरी ठिपके दिसतात. ओल्या रेझिनवर बसलेली त्या त्या वर्षीच्या शमालची धूळ आहे ती. पुसता येत नाही, खरवडता येत नाही.

पण मला राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. बाबांनी स्टिअरिंग उजवीकडे बसवलं होतं.

इथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, चालवणारा डावीकडे बसतो. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला या देशात नंबर मिळत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. इंग्रजाच्या पेटीतला डॅशबोर्ड उजवीकडचा निघाला, एवढं निमित्त बाबांना पुरलं. पिकअपचं मूळ डावं स्टिअरिंग त्यांनी उपसून काढलं आणि ओळखीच्या पठाण ड्रायव्हरकडून कराचीहून उजव्या बाजूचा स्टिअरिंग बॉक्स, चाकं वळवणारी लोखंडी पेटी, मागवला. सामानात साबणाच्या वड्यांखाली दडपून आला तो, बाळंतविड्यासारखा. का? तर गाडी गावाला न्यायची होती. आमच्या गावाबाहेर समुद्राच्या कडेने वळणं घेत जाणारा रस्ता आहे, एका अंगाला सुरूची झाडं, दुसऱ्या अंगाला पाणी. त्या रस्त्यावर.

ज्यांचं घर आखातावर चाललं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. इथल्या प्रत्येक आपल्या माणसाच्या घरात एक खोली, नाहीतर निदान एक पलंगाखालची जागा, गावाची असते. तिथे खोकी. चांगला गालिचा गावाला. चांगलं मिक्सर गावाला. मांने घेतलेला निळ्या फुलांचा काचेचा सेट माझ्या शाळेच्या दिवसांपासून खोक्यात होता आणि आम्ही मेलामाईनच्या तडकलेल्या बशांत जेवत होतो. नव्या चादरी खोक्यात, अंगावर जुन्या. आयुष्याची सगळी चांगली माणसं, चांगली भांडी, चांगली झोप तिकडे. इकडे फक्त ड्यूटी. मी मोठी झाले ती एका प्रतीक्षालयात, जिथली गाडी कधीच लागत नाही. मला शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या, तुमच्या घरात बॉक्स का असतात एवढे? मी सांगायचे, आम्ही जाणार आहोत. कधी? ते नाही माहीत.

याला कुणाचं तरी कारस्थान म्हणावं असं फार वाटतं मला. पत्रक लिहिणाऱ्याला समोर एक आरोपी लागतो. कंत्राटदार, इथे ज्याच्या नावाने राहायचं तो कफील, इकाम्याची म्हणजे राहण्याच्या परवान्याची मुदत, गावातली न संपणारी बांधकामं, आरोपी आहेतच. माणसाला वर्षावर्षाच्या तुकड्यांत राहू देणारी व्यवस्था आहेच, आणि ती मी कुणालाही माफ केलेली नाही. पण खोक्याला चिकटपट्टी लावणारा हात मात्र आपलाच असतो.

शिक्षण संपवून मी घरी परतले त्या वर्षीही शमाल असाच पिसाळलेला होता. गाडी जवळजवळ पुरी झाली होती, उजवं स्टिअरिंग मिरवत. मी बॅग ठेवली आणि भांडायलाच उभी राहिले.

“बाबा, ही इथे चालणार नाही.”

“इथे कुठे चालवायचीय?”

“तिथेही नाही चालणार. घरी बांधलेली, परदेशातली, जुन्या चौकटीवरची गाडी. कुठलं ऑफिस पास करणार आहे? मी विचारून आलेय.”

“बघू.”

“बघू काय? दोन्हीकडे न चालणारी गाडी तुम्ही बांधताय कुणासाठी?”

बाबा पान्हा पुसत होते. वर न बघता म्हणाले, “आणि तुझी पत्रकं कोण वाचतं गो?”

मां आतून हसली. मी दोन दिवस बोलले नाही. बोलले नाही म्हणजे बाबांशी. बाकी घरभर दाणदाण चालत होतेच.

त्यानंतर कंत्राट संपलं. कंत्राटदाराने जुन्या माणसांना एकेक करून बोलावलं. बाबा जेवणाच्या सुट्टीत घरी आले, जे ते कधी येत नसत, आणि दारातच म्हणाले, “खलास. खुरूज.” कायमचं परत जायचं, शिक्का बसणार. ज्या दिवसाची आमचं घर जन्मभर वाट पाहत होतं तो आला, आणि मां ओट्याला टेकून नुसती उभी राहिली. कुणालाच आनंद करता येईना. संध्याकाळी हमीदचाचाही आले.

पेच गाडीचा होता. जिच्यावर ती बांधली ती जुनी पिकअप कागदावर बाबांच्या नावावर होती. जाणाऱ्या माणसाच्या नावावर वाहन राहून चालत नाही. विकायचं, दुसऱ्याच्या नावावर करायचं, नाहीतर भंगारच्या वाड्यात द्यायचं. त्या वाड्यांना इथे तश्लीह म्हणतात. नावावर करायचं तर आधी तपासणीत पास व्हायला हवं, आणि बदललेली गाडी पास व्हायची तर स्टिअरिंग डावीकडेच हवं. नेमकी त्याच वेळी मला दम्मामला नोकरी लागली होती, एका कंपनीच्या सेफ्टी विभागात. हेल्मेट घाला, शिडी धरा, अशी भित्तिपत्रकं पाच भाषांत करायची. मोर्चातली मुलगी शेवटी शिडीवर आली. माझा स्वतःचा इकामा झाला होता, लायसन्सही नवं होतं. गाडी घेऊ शकणारी घरात मी एकटी.

“माझ्या नावावर करा,” मी म्हणाले.

हमीदचाचा म्हणाले, “तू? तू तर गाडीवाल्यांना शिव्या देतेस!”

“देणारच. इथे बस कुठाय? फुटपाथ कुठाय? दम्मामला काय उडत जाऊ?”

बाबा उठले. हौशात गेले. दार उघडून त्या उजव्या सीटवर बसले, हात स्टिअरिंगवर. वारा भिंतीवरून उडी मारून आत येत होता, त्यांच्या केसांत, भुवयांवर धूळ साचत होती. मी खिडकीतून बघत होते आणि मला काहीतरी ओरडावंसं वाटत होतं, काय ते कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने ते उतरले आणि पलंगाखालचं एक खोकं ओढून बाहेर काढलं. त्यात पिकअपचं मूळ डावं स्टिअरिंग होतं, तेलाच्या कापडात गुंडाळलेलं. तेही ठेवलेलंच होतं म्हणा!

पुढचे दिवस म्हणजे करवतीचा आवाज. शुक्रवारी नमाजानंतर हमीदचाचा यायचे, दोघं डॅशबोर्ड कापायचे, जोडायचे, पुन्हा कापायचे. इंजीन आणि केबिन यांच्यामधल्या पडद्याला उजवीकडे स्टिअरिंगच्या दांड्याचं मोठं भोक होतं. तसंच आता डावीकडे पाडलं. ज्या दिवशी चाक डावीकडे बसलं आणि पुढची चाकं त्याचं ऐकून वळली, त्या दुपारी आम्ही जेवायला आत आलो तर चटईवर निळ्या फुलांच्या बशा मांडलेल्या. खोक्याची चिकटपट्टी कोपऱ्यात गोळा होऊन पडलेली.

बाबा थबकले. “हे काय?”

मां भात वाढता वाढता म्हणाली, “एवढं स्टिअरिंग हललं, तर माझ्या बशा का नाय?”

त्या जेवणात काचेवर चमचे वाजत होते. आमच्या घरात तो आवाज नवा होता.

आणि एवढं करून आम्ही तपासणीत नापास झालो. रांग लांब, पत्र्याच्या छपराखाली भट्टी. आमच्या पुढेमागे पांढऱ्या शुभ्र मोठ्या गाड्या, आणि मध्ये ही शेवाळी होडी. लोक उतरून फोटो काढत होते. तपासणारा एक तरुण सौदी, मास्क लावलेला, कामाला चोख. त्याने ब्रेक पाहिले, धूर पाहिला, खाली खड्ड्यात उतरून चौकटीवरचा नंबर ताडून पाहिला. मग दिवे लावायला सांगितलं. भिंतीवरच्या फळ्यावर झोत पडला आणि त्याने मान हलवली. दोन्ही झोत डावीकडे वर चढत होते. इंग्रजाच्या पेटीतले दिवे ते, डाव्या बाजूने चालणाऱ्या देशाचे. इथे ते समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार. मग त्याने काचेवर पाणी मारलं. वायपरही उजव्या सीटपुढची काच लख्ख पुसत होते आणि डावीकडे, जिथे बाबा बसले होते, तिथे चिखलाचा त्रिकोण तसाच. स्टिअरिंग आलं होतं इकडे, पण गाडीची नजर अजून गावाकडेच होती. आम्ही तिघांनी रात्रंदिवस त्या गाडीला हात लावले होते. एकालाही हे दिसलं नव्हतं. दिसणार कसं? आमचीही तिकडेच होती.

मी वाद घालायला पुढे झाले. बाबांनी माझी बाही धरली. “बरोबर बोलतोय तो. नियम समोरून येणाऱ्यासाठी असतो गो. तूच लिहितेस ना असलं?”

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा परतीचं तिकीट बाबांच्या खिशात होतं. दिवे बदललेले, वायपरचा सांधा उलटवलेला. तोच तरुण. त्याने झोत पाहिला, पाणी मारलं, बोनेटवर हात ठेवला आणि कागदावरून डोळे उचलून विचारलं, “बनवणारी कंपनी कुठली?”

बाबा अर्धं आयुष्य कंपनीच्या बसने, कंपनीच्या खोलीत, कंपनीच्या टोपीत वावरलेले. ते छाती पुढे काढून अरबीत म्हणाले, “कंपनी मीच.”

तो मुलगा मास्कमागे हसला असावा. काचेवर स्टिकर लागला. पुढची सहीशिक्क्यांची धावपळ मी सांगत बसत नाही. एका खिडकीत होणार म्हणायचे, शेजारच्या खिडकीत नाही होणार म्हणायचे. अखेर नंबरची पाटी लागली. बाबांनी मांला शेजारी बसवलं आणि समुद्राकडच्या रस्त्याने एक फेरी मारली. मी आणि हमीदचाचा त्यांच्या पिकअपने मागून. धुळीत समोरचं काही दिसत नव्हतं, फक्त होडीचं बूड आणि दोन लाल दिवे. हमीदचाचा डोळे पुसत म्हणाले, “साली धूळ.” बाबांनी गाडी हौशात आणून लावली, किल्ली माझ्या हातात दिली, आणि सामान भरायला गेले. कराचीचा तो उजवा बॉक्स त्यांनी आपल्या बॅगेत घातला. मांचे चार कुडते त्यासाठी बाहेर निघाले.

मला एक गोष्ट ते गेल्यावर दिसली. पडद्यातलं उजवीकडचं भोक बाबांनी बंद केलं होतं, पण पत्रा लावून, बोल्टने. फायबरचं काम जाणणारा माणूस भोक रेझिनने भरतो. भरलं की ते होतं हेही कळत नाही. बोल्ट तो लावतो ज्याला ते पुन्हा उघडायचं असतं.

मी ते कुणाला बोलले नाही. त्या पत्र्यातून इंजिनाची ऊब आत येते, शमाल असला की शीळ वाजते. रोज दम्मामला जाते-येते, शेजारच्या रिकाम्या सीटपुढे ती शीळ ऐकत. मला राग यायचा. जाऊन जाऊन तरी दार उघडंच ठेवलं? आणि मग स्वतःचाच संशय यायचा, कारण माझ्याही खोलीत पलंगाखाली दोन खोकी आहेत. मी ती कधी बांधली ते मला आठवत नाही.

काल तपासणीला गेले. या वेळी वेगळा माणूस, वयस्क, चष्म्यावर धूळ. त्याने वाकून पत्र्याजवळ तळहात धरला, मग नाक. “इंजिनाचा धूर आत येतोय. बोल्ट सैल आहेत. हे पक्कं बंद करून आणा. बोल्ट नको, भरून टाका.”

“इतकी वर्षं चाललं की!”

“आता नाही चालत. मुदत आहे, भरून आणा. यल्ला, निघा.”

त्याचं बरोबर होतं. म्हणून तर जास्त चीड आली. घरी येऊन मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. न सांगता भरून टाकलं असतं तर बाबांना कधी कळलंही नसतं. पण ते दुसऱ्याचं दार होतं.

फोन लावला. बाबा पडवीत बसले होते. माझ्याआधी त्यांनीच विचारलं, “वारा सुटला काय गो?”

“सुटला.”

“इथे वाराच नाय. नुसतं चिकट.” त्यांना तिथेही बसवत नाही, हे मला माहीत आहे. मां सांगते, सकाळी उठून रिक्षास्टँडपर्यंत जातात आणि परत येतात.

मी सांगितलं. धूर, बोल्ट, भरून आणा. ते ऐकत राहिले. मग मी विचारलं, “तो बॉक्स कुठाय बाबा? कराचीचा?”

“हाय ना.” त्यांनी फोन वळवला. मागचं दार सताड उघडं होतं, आणि ते आपोआप मिटू नये म्हणून त्याच्या बुडाशी तो काळा, तेलकट, जड बॉक्स टेकून ठेवला होता. पलीकडे सुरूची झाडं, त्यांच्यामागे तो रस्ता. “चांगला बसतो तिथे. मां म्हणते, एवढं वजन आणलं, कायतरी कामाला आलं.”

दोघंही थोडा वेळ त्या दाराकडे बघत होतो.

“बाबा, मग? भरू?”

“हार्डनर बेताचा घाल,” ते म्हणाले. “गरमी हाय तिथे, रेझिनचा डब्यातच दगड होईल. आधी कडा घासून घे. कापड तीन थर, एकदम नाय, एकेक. आणि हातमोजे घाल गो, मग खाजवत बसशील.”

बोल्ट हाताने निघाले. कडा घासल्या. हौशात शमाल गोल गोल फिरत होता, रेझिनचा वास त्याने क्षणात घरभर नेला, बिर्याणीला लागायचा तोच. पहिला थर दाबला. ओल्या कापडावर बघता बघता धुळीचे कण येऊन बसले आणि तिथेच रुतले. शहाण्या माणसाने वारा पडेपर्यंत काम थांबवलं असतं. मी दुसरा थर कापायला घेतला.